पट सप्टेंबरचा, पोरं फडावर

मा. जिल्हाधिकारी तथा प्रधान जनगणना अधिकारी, बीड, आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, बीड यांना खुले पत्र

स.न.वि.वि.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी करून निवृत्त झालेला मी एक मास्तर. आईबापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर जाणारी आमची पोरं आणि त्यांना मोजायच्या तारखा, हा विषय. पत्र लांबणार आहे, तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो. अर्जाच्या भाषेत लिहिलं की कागद फायलीला लागतो आणि तिथंच राहतो, म्हणून हे उघड लिहितोय.

2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता 76.99 टक्के निघाली. पुरुषांची 85.55, बायकांची 67.82. राज्याची तेव्हा 82.34 होती. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, त्यामुळे आजही जिल्ह्याविषयी काही लिहायचं म्हटलं की पहिल्या पानावर हेच आकडे येतात आणि खाली एक वाक्य येतं: जिल्हा साक्षरतेत राज्याच्या मागे आहे. मागे आहे हे खरंच. पण माझं म्हणणं असं की आपण कागदावर दिसतो त्यापेक्षा जास्त मागे आहोत, आणि ते दिसत नाही याचं कारण मोजणीच्या तारखांमध्ये आहे.

2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत झाली. त्या दिवसांत पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, आष्टी या भागातल्या वाड्या-तांड्यांवर कोण असतं? म्हातारी माणसं, बांधलेली जनावरं, आणि ज्यांना मागे ठेवता आलं ती पोरं. बाकीचं गाव कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, नगरकडच्या उसात, नाहीतर सरळ कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. जनगणनेचा नियम आपल्याला मी सांगायला नको. गणनेच्या संपूर्ण काळात जो माणूस घरी नाही, त्याला घरच्या यादीत धरायचं नाही. तो जिथं असेल तिथं मोजायचा. ज्यांना घरच नाही त्यांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री. म्हणजे आमचा ऊसतोड कामगार मोजला गेला असेल तर दुसऱ्या जिल्ह्यात, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत. आणि नसेल मोजला तर कुठंच नाही. कमी शिकलेला, अंगठा उठवणारा, पोरांना बरोबर नेणारा असा जो थर आहे तो नेमका वजा करून आपण जिल्ह्याची साक्षरता काढली. उरलेल्यांची ती 76.99.

शिवाय जनगणनेत साक्षरतेची परीक्षा कोणी घेत नाही. सात वर्षांवरच्या माणसाला कुठल्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येतं का, हे घरातला जो सांगेल ते लिहायचं. पोरगं चौथीत आहे म्हटलं की झालं साक्षर. चौथीतल्या पोराला काय वाचता येतं हे मास्तरला माहीत असतं. बऱ्याचदा जनगणनेचा प्रगणकही तो मास्तरच असतो, पण त्या दिवशी त्याच्या हातात दुसरा फॉर्म असतो.

शाळेकडे बघितलं तर बरोबर उलटा प्रकार. शाळेची सगळी मोजणी 30 सप्टेंबरच्या पटावर. यू-डायस या सरकारी शाळा-नोंदीची माहिती त्या तारखेची, संच मान्यता त्या पटावर, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते त्याच तारखेवर ठरणार. सप्टेंबरअखेर आमच्याकडे पितृपक्ष नाहीतर नवरात्र असतं. पोरं गावातच असतात, वर्ग भरलेले, पट फुल्ल. दसरा झाला की तोडणीची टोळी जमवणाऱ्या मुकादमाचे फेरे सुरू होतात. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर लागतात. दुसरं सत्र उघडतं तेव्हा अर्धे बाक मोकळे.

एवढ्या वर्षांत मोठमोठ्या मोहिमा झाल्या, त्यांच्या तारखा आठवून बघा. राज्यभर गाजलेली पटपडताळणी, जिच्यात पोरांच्या बोटाला शाई लावली होती, ती 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला. शाळाबाह्य मुलांचं एकदिवसीय सर्वेक्षण 4 जुलै 2015 ला. ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ 5 ते 20 जुलै 2022. जुलैत आमचं पोरगं चिखल तुडवत शाळेत येतं, त्याला शाळाबाह्य कोण म्हणेल? 2021 चं सर्वेक्षण मात्र मार्चात झालं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ते करोनाचं वर्ष, शाळांचंच वेळापत्रक कोलमडलेलं. त्या आकड्यावरून कोणी काय ताडायचं?

मोठ्यांचंही तेच. ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी. त्याची पहिली परीक्षा आपल्या राज्यात 17 मार्च 2024 ला झाली. मार्चाच्या मध्याला कारखाने चालू असतात. जिच्यासाठी हा कार्यक्रम आहे ती बाई त्या दिवशी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होती.

म्हणजे पोरं गावात असतात तेव्हा शाळा त्यांना मोजते, आणि ती गावात नसतात तेव्हा सरकार त्यांच्या आईबापाला मोजतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. कोणी खोटं लिहिलेलं नाही. आणि तरीही पाच-सहा महिने एक अख्खा वर्ग कुठल्याच रकान्यात नाही.

आता शाळेच्या आत या. डिसेंबरचा हजेरीपट काढा, कुठल्याही डोंगरातल्या शाळेचा. नावं पटावर आहेत, कारण शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नाव कमी करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. नावासमोर मात्र महिनाभर आडवी गैरहजेरी. ती पानं चाळताना एक लक्षात येतं: गैरहजेरी विखुरलेली नसते. ताप आला, लग्नाला गेला, असे तुटक दिवस वेगळे दिसतात. इथं एका तारखेपासून रेघ मारल्यासारखी सुरुवात होते, आणि चार-पाच नावांची तारीख तीच असते. एका टोळीत गेलेली ती पोरं. मास्तरला टोळीचा मुकादम, ट्रॅक्टर आणि कारखाना तिन्ही माहीत असतात. हजेरीपटात ते लिहायला जागा नसते.

राज्याच्या नियमाप्रमाणे सलग एक महिन्यापेक्षा जास्त गैरहजर राहिलेलं 6 ते 14 वयाचं मूल शाळाबाह्य धरायचं. म्हणजे डिसेंबर सरता सरता ही सगळी पोरं व्याख्येनं शाळाबाह्य होतात, आणि त्याच वेळी पटावर दाखलही असतात. प्रवेशाचं प्रमाण जवळजवळ पूर्ण आहे असा अहवाल आपल्याकडे येतो, तो या दुसऱ्या अर्थानं.

2023-24 साली पाठ्यपुस्तकं चार भागांत करून दिली, तेव्हा ही गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांना दिसली. एप्रिलात परत आलेल्या पोराचं दप्तर उघडलं तर पहिला भाग मळलेला, कोपरे दुमडलेले, कव्हरावर शाईनं नाव. दुसऱ्याला निम्म्यापर्यंत हात लागलेला. तिसरा आणि चौथा करकरीत, पानं एकमेकांना चिकटलेली. अशी पाच वर्षं धरा. पहिलीचं पहिलं सत्र, दुसरीचं पहिलं सत्र, तिसरीचं पहिलं सत्र. पाचवीत पोचलेल्या त्या मुलानं शाळेत दुसरं सत्र कधी पाहिलेलंच नसतं. आपण म्हणतो त्याला भागाकार येत नाही. येणार कुठून? भागाकार शिकवायचे तेव्हा ते मूल फडावर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंड्या बांधत होतं.

पूर्वी निदान वरच्या वर्गात ढकलला जायचा. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झाला तर पुनर्परीक्षा, त्यातही नापास तर त्याच वर्गात. मी स्वतः या नियमाच्या विरोधात नाही. काहीही न येता आठवी पास झालेली पोरं मीच पाहिली आहेत. पण एप्रिलमधल्या परीक्षेला जो मुलगा फडावरून आठ दिवसांपूर्वी उतरलाय, त्याला त्याच वर्गात बसवून आपण शिक्षा कोणाला करतोय? पुढच्या हंगामात बाप म्हणणार, पास होत नाही तर शाळेत कशाला, चल. आणि बापाचा हिशेब त्याच्या जागी चुकीचा नसेल.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या अड्ड्यावर गेलो होतो, आमच्या गावची पोरं बघायला. सकाळी दहाचा सुमार. आमच्या शाळेतली चौथीची मुलगी कोपीच्या तोंडाशी बसलेली, कडेवर दीड-दोन वर्षांचा भाऊ. आईबाप पहाटे तीनला फडात गेलेले. तिनं धुणं केलं होतं, भाकरी थापून ठेवल्या होत्या, पाण्याचा हंडा भरायचा राहिला होता म्हणून जरा ओशाळली. मी विचारलं, वाचतेस का काही? तर ती आत गेली आणि कोपीच्या मेढीला टांगलेली एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत काट्यावरच्या वजनाच्या पावत्या. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, बांधणीची वजावट, निव्वळ वजन. प्रत्येक पावतीच्या मागे तिनं पेन्सिलनं वजाबाकी करून पाहिली होती, आणि दर आठवड्याची बेरीज एका वहीत. बाप संध्याकाळी आला तेव्हा म्हणाला, “गुरुजी, हिच्यामुळं मुकादमाच्या वहीत राहिलेली एक खेप सापडली.” टोळीतल्या दुसऱ्या कोपीतले लोकही आपल्या पावत्या तिच्याकडे आणायला लागले होते.

साक्षरता कशासाठी, यावर मी नोकरीत असताना पुष्कळ प्रशिक्षणं केली. त्या पिशवीएवढं स्पष्ट उत्तर मला त्यांत मिळालं नाही. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली, हे सगळं मुकादमाच्या वहीत असतं आणि वहीखाली अंगठा. ज्या घरात एकही वाचणारं नाही, त्या घराची उचल वर्षानुवर्षं फिटत नाही. सगळेच मुकादम लबाड असतात असं मी म्हणत नाही, त्यांतले कितीतरी स्वतः कोयता चालवून वर आलेले आहेत आणि कारखान्याचे पैसे बुडाले की तेही बुडतात. पण ज्याला वाचता येत नाही त्याला लबाड कोण आणि सरळ कोण हे कळायला मार्गच नसतो.

ती मुलगी त्या दिवशी शाळेच्या पटावर होती, हजेरीत गैरहजर होती, नियमानं शाळाबाह्य होती. गणनेचं वर्ष असतं तर दुसऱ्याच जिल्ह्याची रहिवासी झाली असती. सातवीनंतर तिचं लग्न लावून दिलं. आता तिचाही कोयता आहे.

इथं मुलींविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको. एकट्याला अर्धा कोयता धरतात, उचलही अर्धी. मुलगी चौदा-पंधराची झाली की आईबापापुढे दोनच वाटा उरतात: तिला म्हाताऱ्या आजीजवळ एकटी ठेवायची, किंवा लग्न लावून जावयाचा कोयता पुरा करायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आपल्या जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या दर 100 बायकांपैकी 40 हून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बालविवाहाविरोधी फलक गावोगाव लागले आहेत. फलक वाचून कोणी लग्न मोडल्याचं मी ऐकलेलं नाही. मुलीला सहा महिने सुरक्षित ठेवणारी जागा असेल तर मात्र लग्न पुढे ढकलतात, हे पाहिलेलं आहे.

योजना नाहीत असं नाही. योजना उत्तम आहेत, आणि त्या कुठं अडतात हे आपल्या खात्यातल्या कुठल्याही केंद्रप्रमुखाला पाठ असेल.

साखरशाळा, म्हणजे कारखान्याजवळ ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठीच्या शाळा, निघाल्या. कल्पना चांगली, पण ती बसते ‘गाडी सेंटर’च्या लोकांना, जे बैलगाड्या घेऊन कारखान्याजवळच्या अड्ड्यावर हंगामभर राहतात. ‘डोकी सेंटर’ची टोळी ट्रक-ट्रॅक्टरबरोबर फिरती असते, आज या शिवारात, पंधरा दिवसांनी वीस कोसांवर. तिच्या मागे शाळा कशी फिरणार? शिक्षण हमी कार्ड आहे: गाव सोडताना मुलाला कार्ड द्यायचं, जिथं जाईल तिथल्या शाळेनं बसवून घ्यायचं. पण शाळा साडेदहाची, फड पहाटेचा. धाकट्याला कोण सांभाळणार या प्रश्नावर कार्ड काही बोलत नाही. आणि निपाणीच्या पुढे गेलं की शाळा कानडी. बालरक्षक म्हणून मनापासून धडपडणारे शिक्षक आहेत, फोन करून करून पोरं परत आणणारे. त्यांच्या धडपडीवर जिल्हा चालवता येणार नाही.

सगळ्यात उपयोगाचं मला वाटतं ते हंगामी वसतिगृह. मूल गावातच राहतं, आपल्याच शाळेत जातं, आजीजवळ झोपतं, दोन वेळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते. खर्च कमी, भाषा तीच, मास्तर तोच. यावर बोगस लाभार्थ्यांच्या तक्रारी झाल्या, चौकश्या झाल्या, अटी वाढल्या. अटी असाव्यात. पण अटींच्या मागे मंजुरी लांबली की योजनेचा जीव जातो, कारण पोराला न्यायचं की ठेवायचं हा निर्णय घरात दिवाळीला होत नाही. तो उचल घेताना होतो, दसऱ्याच्या आतच. ‘यंदा वसतिगृह आहे’ असं मास्तरनं त्या वेळी छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे. ‘प्रस्ताव पाठवलाय’ या वाक्यावर कोणी लेकरू मागे ठेवत नाही. नोव्हेंबरअखेर मंजुरी मिळालेल्या वसतिगृहात मग जी मुलं असतात ती मुळात जाणारच नव्हती, आणि मग तपासणीत तीच बोगस ठरतात.

मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 मध्ये जाहीर झाली. 41 तालुके, 82 वसतिगृहं, प्रत्येकी 100 मुलं-मुली. सगळी पूर्ण भरली तरी राज्यात 8,200. ऊसतोड कामगार महामंडळाला कारखान्यांकडून गाळपावर टनामागे 10 रुपये आणि तेवढीच भर सरकारची, अशी तरतूद आहे. पैशाचा झरा ऊसच आहे म्हणायचा. तो या पोरांच्या ताटापर्यंत किती पोचतो, हे एकदा तालुकावार छापलंत तर आम्हीही वाचू.

आता मागणं. नवी योजना नको, फक्त दुसरी तारीख हवी.

30 सप्टेंबरचा पट राहू द्या. त्याच्या जोडीला जानेवारीत एक दिवस ठरवा आणि प्रत्येक शाळेत दुसरा पट घ्या. पटावर किती, प्रत्यक्ष किती, आणि जे नाही ते कुठं: कोणत्या टोळीबरोबर, कोणत्या कारखान्याकडे, की आजीकडे असूनही येत नाही. मास्तरला हे माहीत असतं हे वर लिहिलंच आहे; फक्त कोणी विचारत नाही. खरं तर अर्धी माहिती आजही रोज गोळा होते. शालेय पोषण आहाराच्या नोंदीत किती पोरं जेवली हा आकडा दररोज वर जातो. सप्टेंबरचा आणि जानेवारीचा तो आकडा शेजारी मांडला तर शाळानिहाय स्थलांतर आपल्याला टेबलावरच दिसेल. (ती नोंद सगळीकडे तंतोतंत असते असा दावा मी करणार नाही. तांदळाचा हिशेब हे वेगळंच शास्त्र आहे.)

यावर पहिली भीती शिक्षकांची असणार आणि ती खरी आहे. जानेवारीत पट कमी दिसला तर शिक्षक कमी होतील, शाळा वीसच्या खाली गेली तर तिच्यावर कुऱ्हाड येईल. म्हणून हे आधी लेखी द्या, आपल्या सहीनं, की दुसऱ्या पटाचा संच मान्यतेशी काडीचा संबंध नाही. तसं लिहून दिलं नाही तर जानेवारीचा आकडाही सप्टेंबरसारखाच फुल्ल येईल आणि आपण सगळे पुन्हा जिथल्या तिथं.

कायद्याचं पाठबळ शोधायला लांब जावं लागणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं नववं कलम स्थानिक प्राधिकरणाला, म्हणजे जिल्हा परिषदेलाच, सांगतं की हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवा, त्यांच्या उपस्थितीवर देखरेख करा, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल असं पहा. चौथं कलम मागे पडलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षणाचा हक्क देतं. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत ही सगळी पोरं गावात असतात आणि त्यातला बराच काळ शाळेला सुट्टी असते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात शाळा भरवा असं मी म्हणणार नाही, मला पत्र्याच्या खोल्या माहीत आहेत. पण सकाळी सात ते दहा, दुसऱ्या सत्राची पुस्तकं, मानधनावर गावातली एखादी डी.एड. झालेली मुलगी, आणि शेवटी पाचवी-आठवीची पुनर्परीक्षा. डी.एड. करून घरी बसलेल्या मुली आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांतल्या काही तर स्वतः कोपीत वाढलेल्या आहेत.

वसतिगृहांच्या मंजुरीचं: गेल्या जानेवारीचा पट हातात असेल तर यंदाच्या हंगामासाठी प्रस्ताव मागवायची गरजच काय? त्या यादीवरून ऑगस्टातच मंजुरी देता येते. बोगस नावाचा प्रश्नही निम्मा सुटतो, कारण यादीत तेच मूल असेल जे गेल्या वर्षी खरंच गेलं होतं.

आणि जनगणना. येती गणना फेब्रुवारी 2027 मध्ये, संदर्भ तारीख 1 मार्च. पुन्हा ऐन हंगामात. तारखा दिल्लीत ठरतात, आपल्या हातात नाहीत, हे समजतं. पण प्रधान जनगणना अधिकारी म्हणून एक गोष्ट आपल्याला करता येईल. ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं काम सुरू झालेलं आहे. ती यादी आणि दुसऱ्या पटातली टोळ्यांची माहिती एकत्र करून, कोणती टोळी कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहे हे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगरच्या जिल्हाधिकाऱ्यांना डिसेंबर 2026 मध्येच कळवा. तिथल्या प्रगणकाला कोपीपर्यंत जायला निदान पत्ता मिळेल. दिवसा गेला तर त्याला फक्त लहान पोरं सापडतील, तेव्हा रात्री आठनंतर जा, असंही त्या पत्रात लिहा. ते लोक आपल्या जिल्ह्यात मोजले जाणार नाहीत. पण कुठंतरी मोजले गेले आणि आपल्याला त्यांची संख्या वेगळी कळली, तर जिल्ह्याची खरी साक्षरता काढायला तेवढं पुरेल. ती बहुधा 2011 पर्यंतच्या वेगानं वाढलेली दिसणार नाही. वर्तमानपत्रात मथळे वाईट येतील. त्याची तयारी ठेवावी लागेल, आणि आम्ही गावकरी त्या वेळी आपल्याला दोष देणार नाही एवढं मी माझ्यापुरतं सांगू शकतो.

ऊस तोडायला हार्वेस्टर येतायत, दहा वर्षांत हा प्रश्नच उरणार नाही, असं हल्ली ऐकू येतं. यंत्रं येतील, बरीच आलीही आहेत. पण मग कोयता सुटलेल्या माणसाला दुसरं काम शोधावं लागेल आणि तिथं त्याला कोणी पहिल्यांदा विचारेल ते शिक्षण. आज चौथीत असलेलं मूल त्या दहा वर्षांनंतर एकोणीस-वीस वर्षांचं असेल.

शेवटचं मागणं लहान आहे. 26 जानेवारीला झेंडावंदन झालं की ग्रामसभा असते. त्या सभेत मुख्याध्यापकांनी दोन आकडे वाचून दाखवावेत, 30 सप्टेंबरचा आणि त्या आठवड्याचा, आणि ग्रामसेवकांनी ते इतिवृत्तात लिहावेत, असं परिपत्रक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढावं. सभेला माणसं कमी असतील, कारण गावच बाहेर असेल. कोरम भरला नाही तर तेही इतिवृत्तात येऊ द्या. परिपत्रकाची एक प्रत पंचायत समितीच्या फलकावर लागली तर आमच्यासारख्यांना ती मागायला हेलपाटे घालावे लागणार नाहीत.

आपला,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक,
बालाघाट डोंगरपट्टा, जि. बीड